नऊ नंबर पडण्याआधी

१

श्रुतिका चुरीला या सगळ्यातून काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. गुन्हा घडला की लोक चोर शोधायला धावतात आणि चोरीला नेमकं काय गेलं, हे विचारायचं राहून जातं.

तर जमेच्या बाजूला मुंबईच्या एका क्रीडा चॅनलवर अख्खा पुढचा हंगाम. लीगमधल्या खेळाडूंना खेळण्याचा पगार, म्हणजे 'पोरगा दिवसभर क्यूची काठी घेऊन टेबलावर वाकून काय करतो' या घरोघरच्या प्रश्नाचं कायमचं उत्तर. आणि खुद्द श्रुतिकाला पंचायत समितीतल्या खुर्चीतून सुटका. तिथली बिनपगारी रजा संपत आली होती, आणि ती संपली की पुन्हा तीच खुर्ची, तोच पंखा.

खर्चाच्या बाजूला अट एकच. चॅनलचा दर्शन कर्णिक फोनवर म्हणाला होता, "मॅडम, सुरुवातीला किती लोक आले ते सांगू नका. शेवटचा बॉल पडेपर्यंत किती उरले ते दाखवा."

डहाणू रोडला, बाजाराच्या तोंडाशी, रूपेशच्या पूल हॉलमध्ये ही लीग चालायची. खेळ नऊ बॉलचा. टेबलावरच्या सगळ्यांत लहान आकड्याला आधी हात घालायचा आणि नऊ नंबर जो पाडेल त्याचा डाव. सामना रविवारी दुपारी व्हायचा आणि रात्री आठला इंटरनेटवर दाखवला जायचा. थेट का नाही? तर संध्याकाळी हॉल गिऱ्हाइकांनी भरतो, आणि भरलेलं टेबल रिकामं करून देण्याइतका रूपेश संत नव्हता.

पहिल्या रविवारी बघणारे होते खेळाडूंचे काका-मामा. ते शोभेपुरते बघत आणि निघून जात. मग श्रुतिकानं तीन गोष्टी केल्या. टेबलाच्या डोक्यावर कॅमेरा टांगला. साध्या पांढऱ्या बॉलऐवजी लाल ठिपक्यांचा पांढरा बॉल आणला, म्हणजे बॉलला दिलेली फिरकी आंधळ्यालाही दिसावी. आणि निवेदनाला बसवली जयवंती माच्छीला, जी रोज सकाळी धक्क्यावर मासळीचा लिलाव पुकारते.

"सहा नंबर काठाला लागली, बघा कशी ताजी! कोन घेतो? प्रविण घेतो? अरे, मान वाकडी करून काय बघतो, लग्नाला आलास काय? एक वार... दोन वार... गेली रं गेली!"

तिथून आकडा उडाला. कासा, तलासरी, पार उंबरगावपर्यंत रविवारी आठला लोक फोन भिंतीला टेकवून बसायला लागले. श्रुतिका म्हणायची, "लोक बॉल बघत नाहीत, लोक वाट बघतात. खेळ म्हणजे वाट बघायला लावणं."

आणि नेमकी ती वाटच कोणीतरी चोरली.

पहिल्या सेमीफायनलला, प्रसारण जेमतेम रंगात आलेलं असताना, व्हिडिओखाली 'जागरूक प्रेक्षक' नावाच्या कोणा इसमानं लिहिलं, 'आजचा सामना प्रविण जिंकला आहे.' खाली तेच हिंदीत. त्याखाली तेच इंग्रजीत. थोड्या वेळानं पुन्हा तिन्ही. निकाल खरा होता. बघणारे पाखरं उडावीत तसे उडाले.

दुसऱ्या सेमीफायनलला तसंच झालं. 'आजचा सामना क्रांती जिंकली आहे.' मराठी, हिंदी, इंग्रजी, दोनदा. पण पडद्यावर शेवटी नऊ नंबर पाडला नयननं.

त्यावर जागरूक प्रेक्षकानं लिहिलं, 'क्रांतीच जिंकली होती. निकालात गडबड आहे. चौकशी व्हावी.'

मग काय, गावगन्ना सगळ्यांनाच जाग आली. सेटिंग, फिक्सिंग, सामना पुन्हा खेळवला, कोणी किती खाल्ले. सोमवारी दर्शन कर्णिकचा फोन आला.

"रविवारच्या फायनलआधी हे निस्तरा," तो म्हणाला. "वास मारणारा माल आम्ही घेत नाही."

२

श्रुतिकानं पोलिसांकडे जाण्याऐवजी आत्याला गाठलं. पोलिसांनी विचारलं असतं, 'बाई, चोरीला काय गेलं?' आणि 'उत्सुकता' हे उत्तर पंचनाम्यात बसत नाही.

यमुना चुरी रेल्वेत तिकीट तपासनीस होती. निवृत्त झाली तरी समोरच्याच्या खिशाकडे बघण्याची सवय निवृत्त झाली नव्हती. तिचं म्हणणं असं, की बिनतिकिटाचा माणूस कधीच गप्प नसतो. तो तुमच्याआधी बोलतो, आणि गाडी लेट असल्याबद्दल तक्रार करतो.

हॉलच्या गॅलरीत तिनं खुर्ची ओढली. "रूपेश, तुझ्यापासून सुरू करते. लीग बुडाली तर तुझा फायदा काय?"

रूपेशनं छातीवर हात ठेवला. "ताई, असं कसं बोलता? मी रेफरी आहे."

"म्हणून विचारते. लोक घरी बघत बसले तर रविवारी रात्री तुझ्याकडे खेळायला कमी येतात ना?"

"येतात थोडे कमी," रूपेश म्हणाला. "पण सोमवार ते शनिवार डबल येतात. बघितलं की हात शिवशिवतात लोकांचे. मी काय खुळा आहे, आपल्याच दुकानाला आग लावायला?"

हे यमुनाला पटलं. रूपेशच्या शब्दावर नव्हे, त्याच्या हावेवर तिचा विश्वास बसला. "बरं, दुपारी नेमकं काय होतं ते सांग."

"दार बंद, खिडक्या बंद. फोन सगळ्यांचे लोखंडी डब्यात, चावी श्रुतिकाकडे. आत मी, श्रुतिका, कॅमेऱ्यावर अनिकेत आणि दोन खेळाडू. बाहेरचं चिटपाखरू नाही. सामना झाला की सगळ्यांनी महालक्ष्मीची शपथ घ्यायची, आठपर्यंत तोंड उघडायचं नाही. मग जेवण, मग घरी."

"जेवण कोणाकडून?"

"हरेल त्याच्याकडून. आपल्याकडची रीतच आहे ती. आणि हरणाऱ्यानं आपल्या घरी पाहुण्याला वाढतात तेच वाढायचं. पहिल्या सेमीला नारू हरला, तो बोटवाल्यांचा पोरगा, त्यानं सुरमई घातली. क्वार्टरफायनलला तलासरीचा एक हरला, त्यानं गावठी कोंबडी आणि तांदळाच्या भाकऱ्या. जिंकणाऱ्याला कप, बाकीच्यांना रस्सा!" बोलता बोलता रूपेशला यजमानपण आठवलं. तो कठड्यावरून खाली वाकला आणि ओरडला, "वेणूबाय! दोन चहा वर! एक बिनसाखरेचा!"

खाली वेणूची खानावळ होती. तिच्या बाकावरून लगेच दुसरा, भरदार आवाज वर आला. "यमे, साखर सोडलीस होय गं?"

यमुना हसली. तो तिचा थोरला भाऊ शांताराम, म्हणजे श्रुतिकाचे वडील. पत्नी गेल्यापासून त्याचं दुपारचं जेवण, चहा आणि जगाबद्दलची मतं या बाकावरच होत.

"सोडायला सांगितलीय डॉक्टरनं," ती खाली म्हणाली.

"आणि त्या लबाडाला शोध म्हणावं! चौकशी झालीच पाहिजे!"

"शांतारामकाकांचा आवाज अजून काय खणखणीत आहे," रूपेश कौतुकानं म्हणाला. "तीस वर्षं स्टेशनच्या भोंग्यावर गाड्या पुकारायचे ना. मी शाळेत असताना त्यांच्या आवाजावर घड्याळ लावायचो. लीग सुरू झाली तेव्हा म्हणाले, निवेदन मी करतो. करूनही दाखवलं इथं, सगळ्यांसमोर."

"मग?"

"मग काय! 'क्यू क्रमांक एक, टेबलाच्या उत्तर दिशेने येत आहे.' आम्ही हसून हसून लोळलो. श्रुतिकाच्या तर डोळ्यांतून पाणी."

चहा आला. यमुनानं पहिला घोट घेतला तेवढ्यात अनिकेत जिना चढून वर आला. आत्याला बघताच त्याचा हात आपसूक मागच्या खिशावर गेला. तीस वर्षांत हजारो हात तिनं असे जाताना पाहिले होते.

"काढ," ती म्हणाली.

खिशातून फोन निघाला. पण अनिकेतचा फोन तर त्याच्या दुसऱ्या हातात होता.

३

"म्हणजे डब्यात एक जमा आणि खिशात एक शिल्लक," यमुना म्हणाली.

अनिकेतचा चेहरा विझला. पंचविशीचा पोरगा, लग्नाचे व्हिडिओ काढून घर चालवणारा. श्रुतिकानं त्याला या खेळात ओढलं होतं. ती दारात उभी होती आणि तिचा चेहरा त्याच्यापेक्षा जास्त विझला होता.

"अन्या, तू?"

"श्रुतिकाताई, आईशप्पथ, निकाल मी कोणाला नाही सांगितला."

"मग दुसरा फोन कशाला?"

 रूपेशनं बाही सरसावली; रेफरीला संधी क्वचित मिळते. यमुनानं फोन टेबलावर ठेवला आणि नुसती बघत राहिली. फोनच वाजला. पडद्यावर नाव आलं, 'दीप्ती तलासरी'.

"उचल," यमुना म्हणाली. "स्पीकरवर."

"अन्या," पलीकडून आवाज, "आईला सांगितलंस का? नसेल सांगितलं तर मी येते आणि मीच सांगते. आणि मला कळत नाही, रविवारी चार तास 'जेवलीस का, जेवलीस का' पाठवतोस, दुसरं काही सुचत नाही का तुला?"

रूपेशनं बाही खाली घेतली.

"हिला निकाल सांगितलास कधी?" यमुनानं विचारलं.

"मला पूलचा निकाल?" पलीकडून दीप्तीच म्हणाली. "बाई, तुम्ही कोण असाल त्या, मला लग्नाचा निकाल कळत नाहीये अजून!"

फोन बंद झाल्यावर श्रुतिका खुर्चीत बसली. "आत्या, हा नाही, रूपेश नाही. मग फक्त खेळाडू उरतात. नाहीतर जयवंती."

जयवंतीला धक्क्यावर गाठावं लागलं. लिलाव आटपून ती रिकाम्या टोपल्या उपड्या घालत होती. यमुनानं प्रश्न विचारायच्या आधीच तिनं टोपली कमरेवर घेतली.

"यमुनाताय, मी सांगतं तुला. माझ्यावर वहीम हाय ना?"

"सगळ्यांवर आहे. तुला निकाल कधी कळतो?"

"तुला कळतो तवाच. मी श्रुतिकाला पयल्या दिवशी सांगितला, मना सामना आधी दाखवायचा नाय. भाव फुटलेला माल पुकारायला जीभ उचलत नाय माझी." तिनं टोपली आपटली. "त्या मेल्यानं लिवला ना खाली, तो मीपन वाचला. बोलता बोलता वाचला! नयन खेलतंय आन माझ्या डोक्यात, हा तर हरलाय. माझा आवाज पडला. मग तो जिंकला तवा मीच किंचाळली. लोक म्हनतात नाटक केला. मी नाटक करतं?"

"नाही," यमुना म्हणाली. "तू आवाज लपवू शकत असतीस तर पापलेट स्वस्तात विकलं असतंस."

जयवंतीला हे मानवलं. जाता जाता ती म्हणाली, "आता नयनला भेटशील तर सांग, तुज्या आईनं यंदा बरोबर वाटा घातला. पुतळी इसरत नाय कोनाला."

"कसला वाटा?"

"पयल्या खेपेचा. पावसाची बंदी उठली, बोटी गेल्या, आपल्या बोटीची पयली खेप आली की आपल्या मानसांकडे वाटा जातो. इकायचा नसतो तो."

यमुनानं तेव्हा नुसती मान हलवली. या वाक्यानं चौकशीचं टेबलच उलटणार आहे, हे तिला कासा गाठेपर्यंत कळायचं नव्हतं.

४

क्रांती कासाला राहायची. वडील शिक्षक, आई शिक्षिका आणि मुलगी पूल खेळते, म्हणजे घरात रोज पालकसभा. यमुना गेली तेव्हा ती अंगणात भिंतीला क्यू टेकवून उभी होती.

"हरलीस तू," यमुना म्हणाली, "आणि जगाला वाटतं जिंकलीस. तुझा तोटा काय झाला यात?"

"तोटा?" क्रांती हसली. "आत्या, शाळेत वडलांना लोक विचारतात, तुमच्या मुलीवर अन्याय झाला म्हणे. मी सांगते सगळ्यांना, अहो, मी आठ नंबरवर चुकले, नयननं मला धुतलं. कोणी ऐकत नाही. हरण्याचीसुद्धा मुभा ठेवली नाही मला."

"लिहिणारा तुझा कोणी हितचिंतक असेल."

"माझा हितचिंतक असता तर त्याला खरं माहीत असतं. मी घरी येऊन पहिलं आईला सांगितलं, हरले. आठच्या आधी सांगितलं, शपथ मोडली, घ्या लिहून. आई म्हणाली, बरं झालं, अभ्यासाला बस."

यमुना थांबली. "पुन्हा बोल."

"अभ्यासाला बस?"

"त्याच्या आधीचं."

"त्याला खरं माहीत असतं."

यमुना अंगणातल्या बाकावर बसली. मग तिनं अगदी सावकाश विचारलं, "क्रांती, तू हरलीस म्हणजे त्या दिवशी जेवण तुझ्याकडून. कोंबडी सांगितलीस?"

"नाही ना! वाचले मी. सकाळीच नयनच्या आईनं पहिल्या खेपेची पापलेटं वेणूकडे देऊन ठेवली होती, सगळ्यांसाठी. नयन म्हणाला, हा वाटा आहे, आजच संपवायचा असतो, तुझं जेवण पुढच्या वेळी. मग रूपेशनं नेहमीसारखं वरून ओरडून सांगितलं."

"काय ओरडला?"

"'वेणूबाय, आज पापलेट! तळून काढ!'"

चहा नको म्हणून यमुना उठली. परतीच्या जीपमध्ये तिनं संशयातल्या सगळ्या माणसांना मनातल्या मनात एकेक करून उतरवलं. शेवटी जीपमध्ये एकच माणूस उरला. त्याला बघून तिला बरं वाटलं नाही.

५

शनिवारी सकाळी हॉलमध्ये सगळे जमले. श्रुतिका, रूपेश, अनिकेत, जयवंती, नयन, कासाहून क्रांती. खालून वेणू आली, हात पुसत. शांताराम आला, कारण जिथं चौकशी तिथं तो. तलासरीचा प्रविण तेवढा आला नव्हता. फायनलच्या आदल्या दिवशी तो कोणाशी बोलत नसे.

यमुनानं खुर्ची नाकारली. तपासनीस उभ्यानंच काम करतो.

"लिहिणाऱ्यानं पहिल्यांदा खरं लिहिलं, म्हणून आपण समजलो की त्याला निकाल माहीत असतो. तिथंच आपण चुकलो. दुसऱ्यांदा त्यानं खोटं लिहिलं. म्हणजे निकाल त्याला माहीत नव्हता. तो अंदाज बांधत होता."

"मुद्दाम खोटं लिहिलं असेल तर?" अनिकेतनं विचारलं. निर्दोष ठरल्यापासून त्याला धार आली होती.

"मुद्दाम खोटं बोलणारा पकडला गेला की गप्प बसतो. हा चिडला. चौकशी व्हावी म्हणाला. अरे, खोटं बोलणारा माणूस चौकशी मागेल कशाला? त्याला मनापासून वाटत होतं की क्रांतीच जिंकली. आता बघा, आत कोण कोण होतं? रूपेश, अनिकेत, श्रुतिका, नयन, क्रांती. या पाचांना खरं माहीत होतं. त्यांनी कोणाला सांगितलं असतं तर खरंच सांगितलं असतं. पाचही सुटले."

रूपेशनं सुस्कारा सोडला तो खानावळीपर्यंत गेला असावा.

"मग त्यानं अंदाज कशावरून बांधला? तुम्ही फोन डब्यात घातले, खिडक्या लावल्या, देवीची शपथ घेतली." ती रूपेशकडे वळली. "आणि मग गॅलरीत जाऊन सगळ्या बाजाराला ओरडून सांगितलंत, आज जेवण काय."

कोणाला कळेना. मग क्रांतीनं तोंडावर हात ठेवला.

"हरेल त्याच्या घरचं जेवण," यमुना म्हणाली. "सुरमई म्हणजे नारू हरला, प्रविण जिंकला. बरोबर. पापलेट म्हणजे बोटवाल्या नयनच्या घरचं, म्हणजे नयन हरला, क्रांती जिंकली. चूक! कारण त्या दिवशी पापलेट हरण्याचं नव्हतं, पहिल्या खेपेचं होतं. हे ज्याला माहीत नव्हतं, तोच आपला माणूस."

"मना माहीत होता," जयवंती ताडकन म्हणाली.

"म्हणून तू सुटलीस. वेणू, तुझ्या हातात तर नयनच्या आईनं, पुतळीनं, टोपली दिली. तूही सुटलीस. उरला असा माणूस, ज्याला आपली जेवणाची रीत माहीत आहे, कोण खेळतंय ते माहीत आहे, जो खाली बसून वरची आरोळी ऐकतो, आणि ज्याच्या घरी पहिल्या खेपेचा वाटा कधी कोणी आणून दिलेला नाही."

वेणूच्या बाकावर रोज दुपारी कोण बसतं, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी कोणी मान वळवली नाही.

"आता मला सांगा," यमुना म्हणाली, "साधी एक ओळ कोणता माणूस मराठीत लिहितो, मग हिंदीत, मग इंग्रजीत, आणि मग सगळं पुन्हा एकदा? कोणाला सवय असते याची?"

शांताराम उठला. खिडकीपाशी गेला. तिथून स्टेशनचं छप्पर दिसत होतं.

"गाडी येण्याआधी सांगायची असते, यमे," तो म्हणाला. "आल्यावर तर आंधळ्यालाही कळते."

मग तो श्रुतिकाकडे वळला.

"तीस वर्षं या गावानं माझं ऐकून पाऊल उचललं. मी म्हणालो उशीर, तर उशीर. आणि स्वतःच्या मुलीच्या लीगमध्ये मी मागितलं ते काय, एक माइक. तू हसलीस, श्रुते. नुसती नाही हसलीस, डोळे पुसलेस. आणि बसवलीस कोणाला, तर..."

"बोल की," जयवंती म्हणाली. "मासेवालीला. बोल."

शांतारामनं पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

"दादा," यमुना म्हणाली, "ओळखीच्याला फुकट सोडलं, तर बाकीच्यांकडून दंड कुठल्या तोंडानं घेणार? दर्शन कर्णिकला आज उत्तर द्यायचंय."

"मी दिलगिरी लिहून देतो. त्या खात्यावरून."

"नाही," श्रुतिका म्हणाली. ती उठली होती. "लिहून नाही, बाबा. बोलून. उद्या, फायनलच्या आधी. तुमच्या नावानं, तुमच्या आवाजात. सेटिंग झाली नव्हती हे लोकांनी तुमच्याकडूनच ऐकलं पाहिजे, दुसऱ्या कोणाचं ते मानणार नाहीत." ती रूपेशकडे वळली. "आणि सामना रात्री आठला. थेट."

"रविवारी? आठला?" रूपेश कळवळला. "अगं, टेबलं भरलेली असतात!"

"त्यांना खुर्च्या दे."

६

रविवारी आठला डहाणू रोडनं एक जुना आवाज ऐकला. आधी मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी.

"प्रेक्षकांनी लक्ष द्यावे. मी शांताराम चुरी. मागील सामन्यांचे निकाल अगोदर जाहीर करणारा 'जागरूक प्रेक्षक' मीच होतो. दुसऱ्या सामन्याचा माझा निकाल चुकीचा होता. सामना स्वच्छ झाला आणि नयन जिंकला. क्रांतीची आणि आपल्या सर्वांची मी माफी मागतो."

एकदाही न अडखळता. मग प्रघाताप्रमाणे पुन्हा एकदा तिन्ही भाषांत. दुसऱ्या वेळी इंग्रजीपाशी आवाज कापला, आणि ज्यांनी त्या आवाजावर घड्याळं लावली होती त्यांनी फोन खाली ठेवला नाही.

माइक जयवंतीकडे गेला. "चला, आजचा माल एकदम ताजा हाय, कोनी हात लावलेला नाय! निकाल मना म्हायत नाय, श्रुतिकाला म्हायत नाय, देवालापन इचारून बघा!"

प्रविण आणि नयन, डावाला डाव. मागे रूपेशची गिऱ्हाइकं खुर्च्यांवर उभी. बरोबरी झाली आणि शेवटचा डाव उरला. नयननं आठ नंबर सुंदर घेतला. लाल ठिपके गरगरत मागे आले आणि पांढरा बॉल नऊच्या सरळ रेषेत येऊन थांबला. असा बॉल जयवंतीच्या शब्दांत 'पाटीत पडलेला', म्हणजे विकल्यातच जमा असतो.

"एक वार," जयवंती कुजबुजली. ती कुजबुजते हे कोणाला ठाऊकच नव्हतं. "दोन वार..."

नऊ नंबर पॉकेटच्या ओठाला लागला, दोनदा हलला आणि बाहेरच राहिला.

 प्रविण उठला, खडू लावला, वाकला आणि त्यानं तो आत ढकलला.

कोपऱ्यात दर्शन कर्णिक फोनवर आकडा बघत होता. सुरुवातीला जितके होते त्याहून शेवटी जास्त उरले होते. उरलेल्यांनी इतरांना फोन करून उठवलं होतं. तो श्रुतिकाजवळ आला. "पुढचा हंगाम आमचा," तो म्हणाला. "आणि मॅडम, या बाईंना कोणी हिंदी शिकवू नका. हिंदीसाठी आपण वेगळा माणूस बघू."

तर आता कोणी किती भरलं, ते.

रूपेशनं रविवारच्या संध्याकाळी भरल्या, कायमच्या. खुर्च्यांचं तिकीट लावून त्या वसूल करायचा त्याचा बेत आहे. अनिकेतला दीप्तीला आईसमोर उभं करावं लागलं; आईनं दोघांनाही जेवायला वाढलं, म्हणजे तिथं सूट मिळाली. जयवंतीचा घसा दोन दिवस बसला आणि धक्क्यावर मासळी मुक्यानं विकावी लागली. नयननं एक कप भरला, ओठावरून परत आलेला. तो त्याला बरीच वर्षं फेडावा लागेल. यमुनाला भाऊ वेणूच्या बाकावरून हाक मारत नाही. ती रोज तिथून जाते आणि थोडी थांबते.

श्रुतिकानं खुर्ची परत केली, पंचायत समितीला. तिच्या नावावर बाकी निघाली ती एका हसण्याची.

राहिला शांताराम. त्यानं सगळ्या गावासमोर, तिन्ही भाषांत, दोनदा भरलं. सोमवारी सकाळी चहा पिता पिता त्यानं पेपरातून मान वर न करता विचारलं, "हिंदीला माणूस लागणार आहे म्हणे तुम्हाला."

"हो, बाबा," श्रुतिका म्हणाली. तिनं त्याच्या कपात आणखी चहा ओतला, वर दूध घातलं, साखर हलवून दिली. "शोधतेय. बघा थोडी वाट."